सुरतेतील अर्धा दिवस



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत इतिहास शिकवू लागलो. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मला बोलावणे आले तेव्हा आनंद झाला, आणि त्याहून अधिक संकोच वाटला. संकोचाचे कारण पुढे येईलच. विषयाची निवड मात्र एका प्रवासाने केली. गेल्या हिवाळ्यात माझ्या नववीतील नातीला घेऊन मी सुरतेस गेलो होतो. बडोद्यात सारा जन्म गेला, सुरतेवरून शेकडो वेळा आगगाडीने गेलो, पण ते शहर पाहण्यासाठी म्हणून कधी उतरलो नव्हतो. या वेळी उतरलो. सकाळी साडेसातपासून दुपारी दीडपर्यंत एक खाजगी मोटार भाड्याने घेतली आणि शहर दाखवायला एक गृहस्थ बरोबर घेतले. त्या सहा तासांत जे पाहिले, ऐकले आणि जे ऐकताना मान खाली गेली, त्याचा हा वृत्तान्त आहे.

मोटार चालवणारा तरुण धुळे जिल्ह्यातला निघाला. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती फार मोठी आहे. यंत्रमागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत राबायला आलेली ही माणसे. त्याचे आईवडील लग्नानंतर लगेच इथे आले होते. आम्हांला शहर दाखवणारे गृहस्थ मात्र अस्सल सुरती होते. बँकेतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, स्वभावाने अगत्यशील आणि शहरावर मनापासून प्रेम करणारे. मी त्यांना भाई म्हणत होतो, ते मला मास्तरसाहेब म्हणू लागले.

पहिला मुक्काम चौकबाजारातला किल्ला. तापीच्या काठावर उभा असलेला हा किल्ला गुजरातच्या सुलतानशाहीत, तिसऱ्या महमूदशहाच्या काळी, खुदावंदखान या सरदाराने बांधला. १५४६ च्या सुमारास तो पुरा झाला. त्यामागचे कारण उघड होते. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी सुरत जाळली होती. म्हणजे ज्या शहराला आपण श्रीमंतीचे प्रतीक मानतो, त्याची ही जुनी वास्तू भीतीतून जन्मली आहे. पुढे १५७३ मध्ये अकबराने वेढा घालून हा किल्ला घेतला आणि सुरत मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील प्रमुख बंदर झाले. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने किल्ल्याचा जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय मांडले आहे, तेही चांगले आहे.

भाई सांगत होते. पोर्तुगीज झाले, अकबर झाला, मक्केच्या यात्रेला निघणारी जहाजे झाली, इंग्रज झाले. १६०८ मध्ये हॉकिन्स आला, १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवले, १६१५ मध्ये टॉमस रो येथेच उतरला. तेथून त्यांनी एकदम १७५९ गाठले. त्या वर्षी इंग्रजांनी हा किल्ला ताब्यात घेतला. मधली जवळजवळ दीडशे वर्षे त्यांनी सहज ओलांडली. माझ्या नातीच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "आणि शिवाजी महाराज? ते इथेच आले होते ना?"

भाई क्षणभर थांबले. मग माझ्याकडे पाहून थोडे ओशाळून म्हणाले, "मास्तरसाहेब, तुम्ही मराठी. पाहुण्यांना वाईट वाटेल असं आम्ही नाही बोलत." मी विचारले, "आणि पाहुणे मराठी नसले तर?" ते हसले. म्हणाले, "तर मग सांगतो. ऐकणारा जसा, तसं सांगतो."

त्या भल्या माणसाचा मला राग आला नाही. आला तो स्वतःचा. कारण मीही नोकरीभर हेच केले होते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. सातवीच्या वर्गात मी सुरतेची स्वारी शिकवत होतो. आवाज चढला होता, मुले रंगली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो गुजराती घरातला. शाळा घराजवळ म्हणून आपल्या शाळेत घातलेला. त्याने विचारले, "सर, ज्यांची घरं जळली त्यांचं काय झालं?" मी त्याला म्हणालो, "बस खाली. परीक्षेत हे येत नाही." वर्ग हसला. तो बसला, आणि त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही. मुख्याध्यापक त्या वेळी व्हरांड्यातून जात होते. त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावले. रागावले नाहीत. कपाटातून एक जाड इंग्रजी ग्रंथ काढून हातात ठेवला. हिंदुस्थानातील इंग्रज वखारींच्या कागदपत्रांचा, १६६१ ते १६६४ या काळाचा, विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेला तो खंड होता. ते एवढेच म्हणाले, "त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलंय. हे वाचा, मग द्या." मी तो खंड पंधरा दिवसांनी परत केला. वाचला होता असे सांगितले. वाचला नव्हता. निवृत्त झाल्यावर वाचला. तोपर्यंत मुख्याध्यापक गेले होते, आणि तो मुलगा कुठे आहे हे मला माहीत नव्हते.

म्हणून, मित्रहो, आज हे उत्तर देत आहे.

प्रथम स्वारीची पार्श्वभूमी. १६६० मध्ये शाएस्ताखान पुण्यात येऊन बसला. तीन वर्षे मोगल फौजांनी स्वराज्याचा मुलूख तुडवला. पिके गेली, गावे ओसाड पडली, वसूल बुडाला. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालावरचा छापा झाला, खान गेला, पण उद्ध्वस्त मुलूख मागे राहिला. फौज पोसायला पैसा हवा होता, आणि ज्या साम्राज्याने हा मुलूख जाळला त्याची थैली सुरतेत होती. पुढे १६७२ मध्ये सुरतेकडे चौथाई मागताना महाराजांनी मांडलेला मुद्दा हाच होता, की बादशहाने मला फौज बाळगायला भाग पाडले, तेव्हा तिचा खर्च त्याच्या प्रजेने सोसावा. या युक्तिवादात राजकारणाचे तर्कशास्त्र पक्के आहे. त्यातील 'प्रजेने' हा शब्द मात्र मी वर्गात कधी नीट उच्चारला नव्हता.

आता स्वारी. इंग्रजांच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज सुरतेच्या बाहेर बऱ्हाणपूर दरवाजाजवळच्या बागेत उतरले. सुभेदार इनायतखानाला आणि शहरातील बड्या व्यापाऱ्यांना, त्यांत हाजी सैद बेग आणि बहरजी बोहरा, खंडणीची बोलणी करण्यासाठी येण्याचे निरोप आधीच गेले होते. सुभेदाराने उत्तर दिले नाही. तो किल्ल्यात जाऊन बसला. ज्या तटाजवळ आम्ही तिघे उभे होतो त्याच तटामागे. शहराला तेव्हा भक्कम कोट नव्हता, आणि ज्याच्यावर रक्षणाची जबाबदारी होती त्याने नागरिकांना उघड्यावर सोडले. दुसऱ्या दिवशी त्याने तहाच्या मिषाने एक तरुण वकील पाठवला. त्याने महाराजांवर खंजीर चालवण्याचा प्रयत्न केला. रक्षकाने वार अडवला. छावणीत महाराज मारले गेल्याची हाकाटी उठली आणि कैद्यांची कत्तल सुरू होणार, तोच महाराजांनी उठून ती थांबवली. इथपर्यंत मी नेहमी शिकवत असे.

यापुढचे मी शिकवत नसे. अँथनी स्मिथ नावाचा एक इंग्रज त्या वेळी छावणीत कैदेत होता. कत्तल थांबल्यावर काही कैद्यांना ठार करण्यात आले आणि काहींचे हात तोडण्यात आले, असे त्याने सांगितल्याचे कागदोपत्री आहे. बहरजी बोहरा म्हणजे वीरजी व्होरा, त्या काळातील जगातल्या धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक. त्याचा वाडा लुटला गेला आणि जळला. इंग्रजांच्या पत्रांत शहरातल्या आगीचे भयंकर वर्णन आहे. चार दिवसांनी मोगल फौज येत असल्याची बातमी आली आणि मराठे परतले.

याच वेळच्या आणखी दोन नोंदी मी नातीला सांगितल्या. फ्रेंच प्रवासी बर्निये त्या काळात हिंदुस्थानातच होता. तो लिहितो, की कॅपुचिन पाद्री आंब्रोज याच्या मठाला धक्का लावला गेला नाही. आणि डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घर, तो मोठा दानशूर होता असे कळल्यामुळे, सोडून देण्यात आले. शत्रूच्या शहरात, पैशासाठी आलेल्या फौजेकडून, धर्मस्थान आणि दात्याचे घर वगळले जाणे ही सतराव्या शतकात सामान्य गोष्ट नव्हती. ही नोंद महाराजांच्या भाटाने केलेली नाही, म्हणून तिचे मोल अधिक. पण एका कागदावर विश्वास ठेवायचा आणि दुसरा कपाटात ठेवायचा, हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. बर्निये खरा मानला तर स्मिथही ऐकला पाहिजे.

भाई हे सारे लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "दात्याच्या घराची गोष्ट मला ठाऊक नव्हती." मी म्हणालो, "हातांची गोष्ट मी मुलांना सांगितली नव्हती."

तेथून मुगलीसरा. शहाजहानच्या कारकिर्दीत, १६४४ मध्ये बांधलेली ही सराई. व्यापारी आणि हजचे यात्रेकरू येथे उतरत. आज तेथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. मग कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची दफनभूमी. मुसलमानी थडग्यांच्या धर्तीवर बांधलेल्या मोठ्या घुमटाखाली जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर निजले आहेत. हाच जॉर्ज १६६४ मध्ये इंग्रज वखारीचा प्रमुख होता. त्याने खलाशांना हत्यारे देऊन वखार राखली. औरंगजेबाने त्याबद्दल इंग्रजांना जकातीत सवलत दिली. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. पुढच्याच वर्षी, १६७० च्या ऑक्टोबरात, महाराजांची दुसरी स्वारी झाली.

डचांच्या दफनभूमीत मला एक वेगळाच ऋणानुबंध भेटला. तेथे हेन्ड्रिक व्हान र्‍हेड याचे भव्य थडगे आहे. हा डच अधिकारी मलबारचा गव्हर्नर होता. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा त्याचा ग्रंथ. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. आपली लिपी युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी ते एक. व्हान र्‍हेड १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावर वारला. ज्या शहरात आपण केवळ लुटीची आठवण शोधत जातो, तेथे आपल्या अक्षरांचा हा आश्रयदाताही विसावला आहे.

मोटारीत बसल्यावर भाईंनी एक प्रश्न विचारला. त्यात आरोप नव्हता, दुःख होते. ते म्हणाले, "पण मास्तरसाहेब, शिवाजीनंतर सुरत संपली ना?"

मित्रहो, हा समज गुजरातीतही आहे आणि मराठीतही. तिकडे दुःखाने सांगतात, इकडे अभिमानाने. दोन्ही चुकीचे आहे. स्वारीनंतर औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि शहराला विटांचा कोट बांधवला. इंग्रजांनी १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे मुंबईस हलवले हे खरे, पण सुरतेच्या स्वतःच्या व्यापाऱ्यांचा उत्कर्षकाळ त्यानंतरचा आहे. इ. स. १७०० च्या सुमारास मुल्ला अब्दुल गफूर या एका व्यापाऱ्याकडे जहाजांचा जो ताफा होता, तो युरोपीय कंपन्यांनाही विचार करायला लावणारा होता. अशीन दासगुप्ता यांनी सुरतेच्या ऱ्हासावर १९७९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दाखवले आहे, की खरी घसरण अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. मोगल सत्ता ढासळली, इराण आणि तुर्कस्तानच्या बाजारपेठा विस्कळित झाल्या, आणि सुरतेला माल पुरवणारे आतल्या मुलखाचे रस्ते असुरक्षित झाले.

ते रस्ते कोणी असुरक्षित केले? हे ऐकायला कठीण आहे, पण ज्या शहरात आपण बसलो आहोत त्याच्याशीच त्याचा संबंध आहे. १७१९ मध्ये पिलाजीराव गायकवाडांनी सुरतेच्या पूर्वेला सोनगड हाती घेतले. तेथून सुरत अठ्ठाविशीतील चौथाईचा लगाम गायकवाडांच्या हाती गेला. पुढे पेशव्यांचाही त्यात वाटा आला. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा घात झाला, १७३४ मध्ये दमाजीरावांनी बडोदे कायमचे घेतले, आणि आपल्या या नगरीचे मराठी पर्व सुरू झाले. महाराजांच्या दोन स्वाऱ्या मिळून आठवड्याभराच्या. सोनगडचा जाच मात्र दशकानुदशके चालला. सुरतेच्या ऱ्हासात मराठ्यांचा हात शोधायचा तर तो १६६४ पेक्षा आपल्या बडोद्याच्या संस्थापकांच्या काळात अधिक सापडतो. ज्या राज्याने पुढे सक्तीचे शिक्षण दिले, ग्रंथालये उभारली, ज्याच्या छत्राखाली आपल्या मराठी शाळा वाढल्या, त्याचा पाया या वसुलीवर रचला गेला. कृतज्ञता बाळगूनही हे म्हणता येते, म्हटले पाहिजे.

नदीकाठाने जाताना भाईंनी १९०७ ची आठवण काढली. नागपूरला व्हायचे काँग्रेसचे अधिवेशन त्या डिसेंबरात सुरतेला हलवले गेले आणि तापीकाठच्या फ्रेंच बागेतील मंडपात जहाल आणि मवाळ यांची फाटाफूट झाली. लोकमान्य टिळक व्यासपीठावर ठाम उभे, मंडपातून भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागलेला, खुर्च्यांची फेकाफेक. बडोदे कॉलेजात पूर्वी अध्यापक असलेले अरविंद घोष त्या अधिवेशनात होते. तेथून ते बडोद्यास आले आणि जानेवारी १९०८ मध्ये येथेच विष्णु भास्कर लेले यांच्याकडून त्यांनी योगसाधनेचे मार्गदर्शन घेतले. ही गोष्ट भाईंनी मोकळेपणाने, हसत सांगितली. मराठी माणसासमोर जोड्याची गोष्ट सांगता येते, मग जळालेल्या वाड्याची का सांगता येऊ नये, असे मला वाटून गेले.

शेवटी आम्ही सुवाळीच्या किनाऱ्यावर गेलो. हजिऱ्याचे कारखाने मागे टाकून रस्ता समुद्राला मिळतो. सुरत समुद्रापासून काही अंतर आत, नदीवर. मोठी जहाजे येथे सुवाळीच्या आश्रयाला नांगर टाकत आणि माल गाड्यांनी व लहान होड्यांनी शहरात जाई. आज तेथे चिखलट वाळू, भरती-ओहोटी आणि भाजलेली कणसे विकणारे आहेत. आम्ही चौघांनी कणसे घेतली. तोपर्यंत गप्प असलेला आमचा सारथी म्हणाला, "बाबा, सकाळपासून ऐकतोय. माझा पोरगा इथल्या गुजराती शाळेत आहे. त्याला मास्तरांनी वर्गात विचारलं, तुम्ही लोक सुरत लुटणारे ना? तो रडत घरी आला. मी काय सांगू त्याला?"

मी त्याला जे सांगितले ते आपल्यालाही सांगतो. मी म्हणालो, "भाऊ, त्याला दोन्ही सांग. महाराज एका बादशहाशी लढत होते आणि त्या बादशहाचा पैसा इथे होता, म्हणून आले. त्यांनी पाद्र्याचा मठ आणि दात्याचं घर राखलं. आणि इथल्या माणसांची घरं जळली, काहींचे हात गेले, तेही झालं. सुभेदार किल्ल्यात लपला, तेही झालं. तुझा मुलगा लुटणारा नाही आणि त्याच्या बाकावरचा मुलगा लुटला गेलेला नाही. दोघांनी मिळून किल्ला बघायला जावं." तो काही बोलला नाही. कणीस संपवून गाडीकडे गेला. मला वाटते, त्याला याहून सोपे उत्तर हवे होते. तसे माझ्याकडे नव्हते.

परतताना भाईंनी ठरलेले पैसे घेतले आणि एक गोष्ट आपण होऊन सांगितली, की यापुढे मराठी पाहुणे आले तरी ते १६६४ ओलांडून जाणार नाहीत. मी म्हणालो, "आणि गुजराती पाहुणे आले तर आंब्रोज पाद्री आणि तो दाता विसरू नका." त्यांनी मान डोलावली.

मित्रहो, आपण सीमेबाहेरचे मराठी. घरात एक भाषा, दारात दुसरी. आपल्या मुलांना इतिहास दोन ठिकाणी भेटतो, आणि दोन्ही ठिकाणी तो अर्धाच भेटण्याचा धोका असतो. १९९४ ची प्लेगची साथ आणि २००६ चा तापीचा महापूर सुरतेने सोसला. त्या पुरात खानदेशी कामगाराची झोपडी आणि हिरे व्यापाऱ्याचे तळघर एकाच पाण्याखाली गेले. ज्यांचे आज एकत्र आहे त्यांचा कालचा वृत्तान्तही एकत्रच वाचला गेला पाहिजे. हे काम विद्यापीठे करतील तेव्हा करोत. ते सातवीच्या वर्गातल्या शिक्षकालाच करावे लागते, कारण प्रश्न तेथे विचारला जातो.

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी आज या सभागृहात असेल किंवा नसेल. असेल तर त्याला, आणि नसेल तर ज्यांनी माझ्या हाती तो खंड ठेवला त्या गुरुजनांच्या स्मृतीला मी सांगतो, की प्रश्न योग्य होता, मी चुकलो होतो, आणि आज जे सांगितले तेच तेव्हा सांगायला हवे होते.